पाळी, तक्षीम आणि सुटीचे घर : अंशमालकीच्या गुंतवणूकमूल्याचा ऐतिहासिक विचार

१. प्रश्नाचे स्वरूप

थंड हवेच्या ठिकाणी किंवा समुद्रकाठी आपले एक घर असावे, ही इच्छा भारतीय नागर मध्यमवर्गात विसाव्या शतकाच्या अखेरच्या दोन दशकांत रुजली. त्याआधी असे घर हे संस्थानिक, गिरणीमालक, बडे वकील व वरिष्ठ अधिकारी यांच्या ऐश्वर्याचे चिन्ह होते. महाबळेश्वर व माथेरान येथील बंगल्यांचा इतिहास मुख्यतः याच वर्गाचा इतिहास आहे. पगारदार कुटुंबाच्या हाती थोडी शिल्लक पडू लागली, तेव्हा त्याच्यापुढे एक साधी अडचण उभी राहिली. वर्षातून पंधरा-वीस दिवस वापरावयाच्या घरासाठी बारा महिन्यांची किंमत मोजावी लागते, आणि उरलेले साडेअकरा महिने ते घर बंद राहून केवळ खर्च वाढवते.

या अडचणीवर बाजाराने जो तोडगा काढला, तो म्हणजे घराचे तुकडे न करता त्याच्या मालकीचे किंवा उपभोगाचे तुकडे करणे. त्याची दोन रूपे प्रचलित झाली. एकात ग्राहक वर्षातील ठरावीक दिवसांचा वापर विकत घेतो. त्यास टाइमशेअर म्हणतात. दुसऱ्यात तो घराच्या मालकीचा एक अंश, उदाहरणार्थ आठवा हिस्सा, विकत घेतो. त्यास फ्रॅक्शनल ओनरशिप, म्हणजे अंशमालकी, हे नाव मिळाले आहे. विक्रीच्या वेळी दोन्हींचे समर्थन एकाच शब्दाने केले जाते, आणि तो शब्द म्हणजे ‘गुंतवणूक’.

हे समर्थन कितपत टिकते, याचा निर्णय सहसा चालू व्याजदर व जमिनीचे भाव यांवरून केला जातो. तो हिशेब आवश्यकच आहे. परंतु तो पुरेसा नाही. मालमत्तेचा अंश आणि उपभोगाची पाळी या दोन्ही संकल्पना भारतीय समाजाला शतकानुशतके परिचित आहेत. त्या कोणत्या परिस्थितीत मूल्यवान ठरल्या, केव्हा भांडणाचे मूळ झाल्या आणि केव्हा एका कायद्यानिशी नाहीशा झाल्या, याची नोंद इतिहासात आहे. तिच्या आधारे आजच्या अंशमालकीची पारख करणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

२. सोळा आण्यांचे वतन

मराठी मुलुखातील मालमत्तेच्या व्यवहारात अंश मोजण्याची भाषा रुपया-आण्यांची होती. संपूर्ण हक्क म्हणजे सोळा आणे, चार आणे म्हणजे चतुर्थांश, त्याखाली पै. जमिनीच्या सामाईक नोंदींत ही आणे-पैची भाषा दशमान नाणी आल्यानंतरही टिकून राहिली. वतनातील हिश्श्यास ‘तक्षीम’ आणि हिस्सेदारास ‘तक्षीमदार’ म्हणत. पाटीलकी, कुलकर्ण, देशमुखी ही वतने वंशपरंपरेने वाटली जात, गहाण पडत आणि विकलीही जात. दुष्काळात अथवा सरकारी बाकी भागविण्यासाठी पाटलाने आपली निम्मी पाटीलकी विकल्याची उदाहरणे मराठी कागदपत्रांत आढळतात.

या व्यवहारात नेमके काय विकले जाई, हे पाहण्यासारखे आहे. निम्मी पाटीलकी म्हणजे केवळ निम्मी इनाम जमीन नव्हे. गावातील बलुतेदारांकडून मिळणारे हक्क, होळीची पोळी आधी कोणी टाकावी, पोळ्याला कोणाचा बैल पुढे चालावा, शिरपाव कोणी आधी घ्यावा, विडा कोणाला आधी मिळावा, या सर्व मानपानांची वाटणी कराराने ठरे. वडीलपणाचा मान एकाकडे ठेवून उत्पन्न सारखे वाटणे, अशीही तडजोड होई. अंश विकत घेणाऱ्याला आपल्या हक्कांची यादी कलमवार मिळे, आणि त्या यादीस गोतसभेची साक्ष असे. महजरावर गावच्या बलुतेदारांच्या निशाण्या असत. लोहाराची हत्याराची, नांगरधारी कुणब्याची नांगराची. हक्क मोडला गेला, तर दाद मागावयाची जागा आणि साक्ष देणारी माणसे दोन्ही जवळच होती.

कोकणातील खोतीत याच कल्पनेचे दुसरे रूप दिसते. खोती गाव अनेक भाऊबंदांच्या हिश्श्यांत विभागलेला असे. परंतु सरकारात वसूल भरण्याची जबाबदारी एकाच वेळी अनेकांवर टाकणे गैरसोयीचे होते. म्हणून हिस्सेदार पाळीपाळीने गावाचा कारभार पाहत. १८८० च्या खोती कायद्याने अशा कारभारी खोताचे स्थान मान्य केले. येथे मालकी अंशांची, पण व्यवस्थापन पाळीचे, असा संयोग झाला. आजच्या सामाईक सुटीच्या घराचा मूळ प्रश्न, म्हणजे मालक अनेक असताना कारभार कोणी पाहावा हा प्रश्न, खोतांच्या घराण्यांनी फार पूर्वी सोडविला होता. तो सोडविताना ज्या तंट्यांना त्यांना तोंड द्यावे लागले, त्यांनी कोकणातील दिवाणी न्यायालयांची दप्तरे भरली आहेत.

३. उपभोगाची पाळी

काळाच्या वाटणीचे सर्वांत स्पष्ट उदाहरण देवस्थानांच्या व्यवहारात मिळते. बंगालमध्ये सेवायतांच्या सेवेच्या दिवसांना ‘पाला’ म्हणतात. कलकत्त्याच्या कालीघाट मंदिरात हालदार घराण्यातील सेवायतांचे पाले ठरलेले आहेत, आणि त्या त्या दिवसाचे उत्पन्न त्या सेवायताकडे जाते. पिढ्या वाढत गेल्या तसे पाल्याचे अंशही बारीक होत गेले. पाल्याचे हस्तांतरण करता येते काय, असा प्रश्न कलकत्ता उच्च न्यायालयापुढे आला, तेव्हा १९१४ मध्ये न्यायालयाने कालीघाटच्या रूढीच्या आधारे ते ग्राह्य मानले. पुढे सेवायतपद हे केवळ कर्तव्य नसून मालमत्ताही आहे, ही भूमिका सर्वोच्च न्यायालयाने १९५१ मध्ये मान्य केली. म्हणजे वर्षातील काही दिवसांचा हक्क ही मालमत्ता होऊ शकते, हा विचार भारतीय न्यायव्यवस्थेस टाइमशेअरपूर्वीच परिचित होता.

पंढरपुरात बडवे मंडळींमध्ये देवापुढील उत्पन्न गोळा करण्याच्या हक्काचा आपसात लिलाव होत असे. ज्याने अधिक बोली लावली त्याने तो दिवस घ्यावा, आणि बोलीची रक्कम हिश्श्यांप्रमाणे वाटली जावी, अशी ती व्यवस्था होती. अर्थशास्त्राच्या दृष्टीने ही मोठी चतुर योजना होती. एकादशीच्या आणि सामान्य दिवसाच्या उत्पन्नातील तफावत बोलीतूनच प्रकट होई, आणि ज्याला पाळी नको त्याला पैसा मिळे. परंतु बोलीची रक्कम वसूल करण्याची घाई भाविकांना सोसावी लागे. त्याविरुद्धच्या तक्रारींतून १९७३ चा पंढरपूर मंदिरे कायदा आला, वंशपरंपरागत हक्क संपुष्टात आले, आणि जानेवारी २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावर अखेरचे शिक्कामोर्तब केले.

सुटीच्या घराशी अधिक जवळचे नाते सांगणारी परंपरा मात्र देवळात नसून घरात आहे. मुंबईत गिरण्यांत, गोदीत व कचेऱ्यांत काम करणाऱ्या कोकणी चाकरमान्यांचे मूळ घर गावी राहिले. सातबारावर चुलते, पुतणे, आत्या, बहिणी अशी नावांची रांग लागली. गणपतीत आणि शिमग्याला सारे त्या एका घरात उतरत. अनेक घराण्यांत गणपतीचा खर्च व पूजा यांची पाळी वर्षावार ठरलेली असते; यंदा थोरल्या घराकडे, पुढच्या वर्षी धाकट्याकडे. फ्रॅक्शनल ओनरशिप हा शब्द ऐकण्याच्या कितीतरी आधी ही कुटुंबे अंशमालकीचे सुटीचे घर सांभाळत आली आहेत.

या घरांचा अनुभव दुहेरी आहे. जेथे पाळी पाळली गेली तेथे घर टिकले. जेथे कौले शाकारण्याचा खर्च कोणी करावयाचा हे ठरले नाही, तेथे घर पडले, आणि पडलेल्या घराच्या जागेवरही कोणी एकट्याने चौथरा बांधू शकला नाही. कारण सर्वांची संमती मिळणे शक्य नव्हते. हिस्सा कागदोपत्री शाबूत राहिला, त्याची बाजारातील किंमत मात्र शून्याच्या जवळ गेली. अंशमालकीच्या गुंतवणूकमूल्याविषयीचा पहिला धडा येथेच मिळतो : संपूर्ण घराच्या किमतीचा आठवा भाग म्हणजे घराच्या आठव्या हिश्श्याची किंमत नव्हे.

४. युरोपातून भारतात

आधुनिक टाइमशेअरचा उगम युरोपात १९६० च्या दशकात झाला. स्वित्झर्लंडमध्ये १९६३ साली स्थापन झालेली हापिमाग ही संस्था सदस्यांना सामाईक सुटीच्या घरांचा वापर देऊ लागली. त्याच दशकात फ्रेंच आल्प्समध्येही घराच्या ठरावीक आठवड्यांची विक्री झाली. १९७४ मध्ये अमेरिकेत आरसीआय ही अदलाबदल करणारी संस्था निघाली. तिच्यामुळे एका ठिकाणचा आठवडा देऊन दुसऱ्या ठिकाणचा घेता येऊ लागला. टाइमशेअरच्या विस्तारामागे हे अदलाबदलीचे जाळे महत्त्वाचे होते. कारण त्याच त्या गावी दरवर्षी जाण्याचा कंटाळा ही या व्यवस्थेची उपजत दुबळी बाजू होती.

विस्ताराबरोबर तक्रारीही वाढल्या. भेटवस्तूचे आमिष, तासन्‌तास चालणारी विक्रीची बैठक, त्याच दिवशी सही केल्यास सवलत, ही विक्रीपद्धती सर्वत्र सारखीच होती. १९९४ मध्ये युरोपीय संघाने सही केल्यानंतर दहा दिवसांच्या आत करारातून माघार घेण्याचा हक्क ग्राहकाला दिला. २००८ च्या निर्देशाने ही मुदत चौदा दिवस केली. स्पेनने १९९८ च्या कायद्याने अशा हक्काची मुदत तीन ते पन्नास वर्षे एवढी मर्यादित केली, आणि २०१५ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने या मर्यादेबाहेरील कायमस्वरूपी करार अवैध ठरविला. कायमस्वरूपी हक्क प्रथमदर्शनी ग्राहकाच्या लाभाचा वाटतो. प्रत्यक्षात त्यासोबत देखभालवर्गणीचे देणेही कायमस्वरूपी होते, आणि वृद्ध सदस्यांना त्यातून बाहेर पडता येईना. ज्याला मालमत्ता म्हणून घेतले, ते अखेरीस दायित्व ठरले.

भारतात या व्यवसायाची सुरुवात मद्रासमध्ये झाली. १९८६ मध्ये स्थापन झालेल्या स्टर्लिंग हॉलिडे रिसॉर्ट्‌स या कंपनीने कोडाईकनालसारख्या ठिकाणी टाइमशेअर आणला. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात ही कंपनी आर्थिक अडचणीत आली; पुढे तिची मालकी बदलली आणि २०१४ मध्ये थॉमस कुक इंडियाने तिला आपल्यात सामावून घेण्याचा निर्णय जाहीर केला. महिंद्र समूहाने १९९६ मध्ये या क्षेत्रात प्रवेश केला. त्यांच्या प्रमुख योजनेत सदस्यत्व पंचवीस वर्षांचे होते, आणि वर्षाचे दिवस मागणीप्रमाणे निरनिराळ्या रंगांच्या हंगामांत विभागलेले होते. पंढरपुरात एकादशीचा दिवस आणि एरवीचा दिवस यांची बोली वेगळी असे. येथे नाताळचा आठवडा आणि पावसाळ्याचा आठवडा यांचा रंग वेगळा असतो, इतकाच फरक.

दुसरा फरक मात्र मूलभूत आहे. पाल्याच्या दिवशी सेवायताला उत्पन्न मिळे. टाइमशेअरच्या आठवड्यात सदस्याला केवळ मुक्काम मिळतो, आणि त्यासाठीही तो वार्षिक वर्गणी भरतो. शिवाय भारतातील सदस्यत्व हा बहुतांशी कंपनीशी केलेला करार आहे. जमिनीच्या दप्तरात सदस्याचे नाव लागत नाही. कंपन्यांच्या हिशेबपद्धतीतूनही हेच स्पष्ट होते. २०१८ पासून लागू झालेल्या नव्या लेखामानकानुसार सदस्यत्वाचे शुल्क एकदम उत्पन्न म्हणून न दाखविता सेवेच्या मुदतीत विभागून दाखवावे लागते. पंचवीस वर्षे द्यावयाच्या सेवेची आगाऊ रक्कम, असेच तिचे स्वरूप आहे. आगाऊ रकमेतून सोय होऊ शकते, भाववाढीपासून काही अंशी संरक्षणही मिळू शकते. पण तिला गुंतवणूक म्हणणे शब्दाचा गैरवापर आहे.

५. मुक्कामाच्या नावाखाली मुदतठेव

हा गैरवापर केवळ शब्दापुरता राहिला नाही. १९९० च्या दशकात सागवान लागवडीच्या व शेतजमिनीच्या योजनांतून लक्षावधी लोकांचा पैसा बुडाल्यावर १९९७ मध्ये केंद्र सरकारने अशा योजना सेबीच्या नियंत्रणाखाली आणण्याचे जाहीर केले. १९९९ मध्ये सामूहिक गुंतवणूक योजनांचे नियम आले आणि सेबी कायद्यात ११ अअ हे कलम घालण्यात आले. या कलमाची कसोटी चार प्रश्नांत सांगता येते. लोकांचा पैसा एकत्र केला जातो काय? तो नफा, उत्पन्न किंवा मालमत्ता मिळावी म्हणून दिला जातो काय? त्याचे व्यवस्थापन दुसरे कोणी करते काय? आणि पैसा देणाऱ्यांचा दैनंदिन कारभारावर ताबा नसतो काय? चारही उत्तरे होकारार्थी असतील, तर योजना कोणत्याही नावाने चालो, ती सामूहिक गुंतवणूक योजना होय. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे कलम वैध ठरविले.

मुंबईस्थित पॅनकार्ड क्लब्ज या कंपनीचे प्रकरण या कसोटीचा अर्थ नीट उलगडते. कंपनी हॉटेलातील ‘खोलीच्या रात्री’ विकत असे. घेणाऱ्याने त्या रात्री वापराव्यात, किंवा मुदत संपल्यावर ठरलेली रक्कम परत घ्यावी, असा पर्याय होता. २९ फेब्रुवारी २०१६ च्या आदेशाने सेबीने या योजना सामूहिक गुंतवणूक योजनाच असल्याचे ठरविले आणि पैसे परत करण्यास सांगितले. गोळा झालेली रक्कम सुमारे सात हजार कोटी रुपये होती, आणि पैसे देणाऱ्यांची संख्या पन्नास लाखांहून अधिक. २०१७ मध्ये प्रतिभूती अपील न्यायाधिकरणातही कंपनीला दिलासा मिळाला नाही. त्यानंतर जप्ती व लिलावाची दीर्घ कारवाई सुरू झाली.

रक्कम आणि संख्या यांचा भागाकार केला, तर दर माणशी सरासरी चौदा हजार रुपयांच्या आसपास येते. हा पैसा श्रीमंतांच्या चैनीचा नव्हता. एवढ्या रकमेत कोणी सुटीचे घर शोधत नसतो; तो बँकेपेक्षा थोडे अधिक व्याज शोधत असतो. मुक्कामाचा हक्क हा येथे मुदतठेवीवर घातलेला अंगरखा होता. तो हक्क मागे कोणत्या खोल्यांनी सिद्ध होतो, विकलेल्या रात्री आणि असलेल्या खोल्या यांचा मेळ बसतो काय, हा प्रश्न विचारण्याची सोय लहान गावातील ठेवीदाराला नव्हती. वतनाच्या महजरावर गावाच्या निशाण्या असत. येथे एजंट तेवढा गावातला होता.

६. सहमालकाचा कायदा

टाइमशेअरच्या या दोषांना उत्तर म्हणून खऱ्या अंशमालकीचा पुरस्कार केला जातो. तीत करार नव्हे तर मालकी मिळते, असे सांगितले जाते. म्हणून सहमालकाला भारतीय कायद्याने काय दिले आहे, हे पाहणे आवश्यक ठरते.

१८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यानुसार सहमालकाला आपला अविभक्त हिस्सा विकता येतो. घेणारा त्याच्या जागी उभा राहतो. परंतु अविभक्त कुटुंबाच्या राहत्या घरातील हिस्सा परक्याने घेतल्यास त्याला संयुक्त ताबा मागता येत नाही, अशी मर्यादा त्याच कायद्याच्या ४४ व्या कलमात आहे. १८९३ च्या वाटप कायद्याने याच्या पुढचे पाऊल टाकले. घराची वाजवी वाटणी शक्य नसेल, आणि निम्मा किंवा त्याहून अधिक हिस्सा असलेल्यांनी मागणी केली, तर न्यायालय घर विकून पैसे वाटू शकते. अशा वेळी इतर हिस्सेदारांना तो हिस्सा मूल्यांकनाच्या किमतीस घेण्याची मुभा असते.

या तरतुदींत एक सूत्र आहे. कायदा अंशमालकीकडे तात्पुरती अवस्था म्हणून पाहतो. तिचा स्वाभाविक शेवट वाटणीत किंवा विक्रीत आहे. आठवा हिस्सा असलेल्या माणसाला मात्र एकट्याने विक्रीची मागणी करण्याइतके बळ नसते. त्याच्यापुढे तीनच वाटा राहतात : इतर मालकांपैकी कोणी घेणारा शोधणे, बाहेरचा माणूस शोधणे, किंवा दिवाणी दाव्याच्या दीर्घ प्रवासाला निघणे. यास्तव बाहेर पडण्याची रीत आधीच करारात लिहिलेली नसेल, तर अंशाची मालकी ही दरवाजा असलेली पण कडी नसलेली खोली ठरते. आत जाता येते, दार आपल्या हाताने उघडता येत नाही.

घराची मालकी एखाद्या खासगी कंपनीकडे किंवा मर्यादित दायित्व भागीदारीकडे ठेवून तिचे भाग विकण्याची पद्धत या अडचणीतून निघाली. २०२० मध्ये अमेरिकेत सुरू झालेल्या पकासो या कंपनीने एका घराचे जास्तीत जास्त आठ मालक, आणि आठव्या हिश्श्याला वर्षाकाठी ४४ रात्री, असा नमुना रूढ केला. भारतातही गोवा, अलिबाग व हिमालयातील ठिकाणी अशा योजना निघाल्या. यात भाग हस्तांतरित करणे सोपे होते. परंतु जमिनीच्या दप्तरात नाव कंपनीचे लागते, हिस्सेदाराचे नाही, हे विसरता येत नाही.

व्यापारी इमारतींच्या अंशमालकीसाठी सेबीने ८ मार्च २०२४ रोजी लघु व मध्यम स्थावर गुंतवणूक न्यासांचे नियम लागू केले. पन्नास कोटींपासून पाचशे कोटींपर्यंतची मालमत्ता, किमान दोनशे गुंतवणूकदार, किमान दहा लाखांची गुंतवणूक आणि बाजारात नोंदणी, ही त्याची मुख्य अंगे होत. त्यातील ९५ टक्के मालमत्ता पूर्ण बांधलेली व उत्पन्न देणारी असावी लागते. आठ मित्रांनी किंवा आठ अनोळखी माणसांनी मिळून घेतलेले समुद्रकाठचे घर या चौकटीत बसत नाही. ज्याला गुंतवणूक म्हणता येईल अशी अंशमालकी कशी असावी, याचा मापदंड मात्र त्यातून मिळतो : सिद्ध उत्पन्न, उघड हिशेब आणि बाहेर पडण्यासाठी बाजार.

७. एका हिश्श्याचा हिशेब

तत्त्वे स्पष्ट करण्यासाठी एक काल्पनिक उदाहरण घेता येईल. संयोजकाने १ कोटी २८ लाखांना घर घेतले आणि त्याचे आठ हिस्से प्रत्येकी २० लाखांना विकले. एकूण रक्कम १ कोटी ६० लाख. म्हणजे घेणाऱ्याने पहिल्याच दिवशी मूळ किमतीवर पंचवीस टक्के अधिक मोजले. घराची किंमत दरसाल पाच टक्क्यांनी वाढली, तरी केवळ आपले मुद्दल गाठण्यास त्याला सुमारे साडेचार वर्षे लागतील. मुद्रांकशुल्क, विक्रीचा खर्च आणि अंश म्हणून द्यावी लागणारी सूट यांत धरलेली नाही.

आता उपभोगाची बाजू. २० लाखांवर सात टक्क्यांनी जे व्याज बुडाले ते वर्षाला १ लाख ४० हजार. देखभालीची वर्गणी ६० हजार धरल्यास वर्षाचा खर्च २ लाख होतो. पंचेचाळीस रात्री वापरल्यास एका रात्रीचा खर्च सुमारे ४,४४४ रुपये पडतो, आणि वीसच रात्री वापरल्यास १०,००० रुपये. संपूर्ण निर्णय या दोन आकड्यांमधील अंतरावर अवलंबून आहे. घेणाऱ्या कुटुंबाच्या रजा, मुलांच्या परीक्षा आणि वृद्धांची प्रकृती यांचा विचार केला, तर पंचेचाळीस रात्रींचा भरणा दरवर्षी होणे अवघड असते. मे महिना आणि दिवाळी सर्वांनाच हवी असते. वाटणीत जे उरते ते बहुधा पावसाळ्यातले असते.

किमतीच्या वाढीतही भेद करावा लागतो. वाढते ती जमीन, इमारत झिजते. समुद्रकाठी खाऱ्या हवेने लोखंड गंजते, घाटमाथ्यावर पावसाने भिंती पाझरतात. लहान भूखंडावरील मोठ्या इमारतीतील सदनिकेच्या अंशात जमिनीचा वाटा थोडा असतो, आणि म्हणून भाववाढीची आशाही थोडी धरावी. शिवाय निसर्गरम्य ठिकाणी नियमांची बंधने कडक असतात. महाबळेश्वर-पाचगणी परिसर २००१ मध्ये आणि माथेरान २००३ मध्ये पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून घोषित झाले. अशा बंधनांमुळे विधिवत जुन्या घरांची किंमत टिकते, पण नियमबाह्य बांधकामाचा अंश घेणाऱ्याचे सारेच धोक्यात येते.

८. समारोप

इतिहासातील ज्या अंशहक्कांना खरे मूल्य होते, त्यांची लक्षणे आता एकत्र मांडता येतील. वतनाच्या तक्षिमेला आणि मंदिराच्या पाळीला उत्पन्न होते. हक्काची यादी कलमवार व सर्वज्ञात होती. तो मोडल्यास दाद देणारी सभा किंवा न्यायालय होते. आणि हिस्सेदार एकमेकांना ओळखत होते. भांडत होते, तेही एकमेकांना ओळखूनच. इतके असूनही १९४९ च्या खोती निर्मूलन कायद्याने, १९५० च्या दशकात व १९६२ मध्ये झालेल्या वतनविषयक कायद्यांनी आणि पंढरपूरच्या कायद्याने हे हक्क संपले. पिढ्यान्‌पिढ्यांची मालमत्ता समजून ज्यांनी किंमत दिली, त्यांच्या वारसांच्या हाती भरपाईची किरकोळ रक्कम राहिली. कायमस्वरूपी या शब्दाचे आयुष्य बरेचदा पुढच्या कायद्यापुरते असते.

टाइमशेअर या कसोटीवर गुंतवणूक ठरत नाही; तो सुटीचा आगाऊ खर्च आहे, आणि नियमित प्रवास करणाऱ्या कुटुंबाने, कंपनीची स्थिती पाहून, खर्च म्हणून तो केल्यास त्यात गैर काही नाही. मुक्कामाच्या बदल्यात निश्चित परताव्याचे आश्वासन देणारी योजना सेबीकडे नोंदलेली नसेल, तर तिच्यापासून दूर राहणे एवढेच शहाणपण आहे. खऱ्या अंशमालकीचे घर या दोहोंच्या मध्ये येते. मालकी दस्तात स्पष्ट असेल, संयोजकाचा नफा उघड असेल, कारभार हिस्सेदारांच्या मताने बदलता येत असेल, दुरुस्तीचा निधी आधीच बाजूला काढलेला असेल आणि ठरावीक वर्षांनी संपूर्ण घर विकून पैसे वाटण्याचे कलम करारात असेल, तर ती मर्यादित अर्थाने सुज्ञ गुंतवणूक ठरू शकते. यांपैकी शेवटचे कलम सर्वांत महत्त्वाचे आहे, आणि विक्रीच्या बैठकीत त्याचीच चर्चा सर्वांत कमी होते.

एवढी काळजी घेऊनही तिचा परतावा मुख्यतः उपभोगातच मिळतो. जे कुटुंब त्या घरी खरोखर जाऊन राहते, त्याला तो मिळतो. जे केवळ भाव वाढण्याची वाट पाहते, त्याला बहुधा मिळत नाही. कोकणातील सामाईक घराचा आणेवारीतला हिस्सा विकून कोणी फारसा श्रीमंत झाल्याचे दिसत नाही. तरीही दर भाद्रपदात त्या घराकडे जाणाऱ्या गाड्या भरून जातात. त्या हिश्श्याचे मोल कोणत्या खात्यावर धरावयाचे, हे त्या कुटुंबांना ठाऊक आहे. नव्या अंशमालकीच्या ग्राहकाने सही करण्यापूर्वी तेच ठरविणे इष्ट होय.